दुसऱ्याचे शब्द, आपला हात : ट्यूडर दरबारातल्या बायकांची एक वही

मंडळी, आज ज्या वहीबद्दल बोलायचं आहे तिच्यात एका प्रेमकवितेच्या कडेला दोन शेरे आहेत. दोन वेगवेगळ्या बायकांच्या हातचे. एकीनं लिहिलंय, हे विसर. दुसरीनं त्याच्याखाली लिहिलंय, हे मोलाचं आहे. पहिली बाई म्हणजे इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाची भाची, लेडी मार्गारेट डग्लस. दुसरी मेरी शेल्टन, राणी ॲन बोलिनची आतेबहीण. कविता कोणा पुरुषाची आहे, तो मेरीची विनवणी करतोय, आणि कडव्यांची पहिली अक्षरं एकाखाली एक वाचली की शेल्टन हे आडनाव तयार होतं. कवितेच्या शेवटी मेरीनं आपलं नाव घालून टोला हाणलाय, की न मागितलेल्या चाकरीचा पगार मिळत नसतो. दरबारातल्या दोन मैत्रिणी एक वही मधे ठेवून कुजबुजताहेत, एवढंच ते दृश्य. पावणेपाचशे वर्षांपूर्वीचं.

ही वही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘ॲडिशनल १७४९२’ या क्रमांकाखाली आहे. अभ्यासक तिला डेव्हनशर हस्तलिखित म्हणतात, कारण मधे ती डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याकडे होती. १८४८ साली ब्रिटिश म्युझियमनं ती विकत घेतली. तिच्यातला मजकूर मुख्यतः १५३० ते १५४५ च्या आसपासचा. दीडशेहून जास्त नोंदी, डझनाहून जास्त हस्ताक्षरं, आणि निम्म्याहून अधिक कविता सर थॉमस वायट या एका कवीच्या. बांधणीवर ‘एम. एफ.’ अशी आद्याक्षरं आहेत, ती मेरी फिट्झरॉयची मानतात. मेरी ही नॉरफोकच्या ड्यूकची मुलगी, माहेरची हॉवर्ड, आणि हेन्रीच्या अनौरस मुलाची बायको. मार्गारेट, मेरी शेल्टन, मेरी फिट्झरॉय. वही या तिघींत फिरत होती.

आता आमची अडचण सांगतो. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, इतिहासकार म्हणवून घ्यायचा अधिकार नाही. पण या वहीचं जे झालं ते पाहिलं की तत्त्वज्ञानातलाच एक जुना प्रश्न उभा राहतो. १८१५–१६ मध्ये जॉर्ज नॉट यांनी वायट आणि सरे यांच्या कविता संपादित केल्या तेव्हा ही वही वापरली. पुढेही दीडशे वर्षं ती मुख्यतः वायटच्या कविता शोधण्याची खाण होती. कोणती कविता खरी वायटची, कोणता पाठ जास्त शुद्ध, हे प्रश्न. ज्यांनी ती लिहून काढली त्या बायका म्हणजे जणू लाकडी पेटी. पेटीत दागिना आहे ना, मग पेटीला कोण विचारतो? केवळ उतरवून घेणं हे काही कर्तृत्व नव्हे, असं गृहीत धरलं होतं. आमचं म्हणणं इतकंच आहे की हे गृहीतक चुकीचं आहे, निदान या वहीपुरतं तरी. या बायका उतरवून घेत नव्हत्या, उतरवून बोलत होत्या.

त्याआधी एक शब्द साफ करू. अशा वहीला इंग्रजीत कॉमनप्लेस बुक म्हणायची पद्धत आहे. मूळ लॅटिन ‘लोकुस कम्युनिस’, त्याच्याही मागे ॲरिस्टॉटलचे ‘टोपोइ’, म्हणजे युक्तिवादाचे मुद्दे सापडण्याच्या सामाईक जागा. इरॅस्मसनं १५१२ च्या आपल्या ग्रंथात विद्यार्थ्यांना सांगितलं की वाचताना सद्गुण, दुर्गुण, मैत्री, मृत्यू अशी शीर्षकं करून त्यांखाली उतारे टिपून ठेवा, पुढे भाषणात आणि लेखनात उपयोगी पडतील. हे शाळेत जाणाऱ्या मुलग्यांसाठी. काटेकोरपणे बोलायचं तर आपली वही त्या अर्थानं कॉमनप्लेस बुक नाही, तिच्यात शीर्षकं नाहीत, शिस्त नाही. तिला संकीर्ण संग्रह म्हणायला हवं. आपल्याकडचा ‘बाड’ हा शब्द तिला जास्त शोभतो. कीर्तनकारांच्या घरी असायची तशी, जमेल तेव्हा जमेल ते लिहून ठेवलेली, चार हातांतून गेलेली.

मुलींनी काय उतरवावं यावरही त्या काळी विचार झाला होता. स्पेनचा विद्वान व्हिव्हेस यानं ख्रिस्ती स्त्रीच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहून हेन्रीच्या पहिल्या राणीला, कॅथरिनला अर्पण केलं. ते १५२० च्या दशकातलं. त्यात तो बजावतो की मुलगी लिहायला शिकत असेल तेव्हा तिला कित्ता म्हणून पोकळ पद्यं आणि चवचाल गाणी देऊ नका, गंभीर वचनं द्या, ती पुन्हा पुन्हा गिरवू दे म्हणजे मनात बसतील. पाहा, उतरवण्यानं माणूस घडतो हे व्हिव्हेसला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर त्याला भीती वाटत होती!

भीती अगदीच निराधार नव्हती. ॲन बोलिनचा धर्मोपदेशक विल्यम लॅटिमर यानं पुढे एलिझाबेथच्या काळात आपल्या आठवणी लिहिल्या. त्यात मेरी शेल्टनचा प्रसंग आहे. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात रिकामटेकडी पद्यं लिहिलेली राणीला सापडली आणि राणीनं तिला चांगलंच फैलावर घेतलं. लॅटिमरला यातून राणीची धर्मनिष्ठा दाखवायची आहे. आम्हाला मात्र दुसरंच दिसतं : या मुलीला कागद दिसला की हात आवरत नसे, मग तो कागद प्रार्थनेचा का असेना.

इथपर्यंत सगळं खेळीमेळीचं आहे. आता १५३६ साल येतं.

त्याच्या दोन वर्षं आधी, १५३४ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटनं राजद्रोहाचा नवा कायदा केला होता. राजाविरुद्ध हात उचलणं लांबच राहिलं, दुष्ट हेतूनं काढलेले शब्दही त्यानं देहदंडाला पात्र ठरवले. दरबारात राहणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय होतो तो लक्षात घ्या. तोंडातून निघालेलं वाक्य तुमचं, आणि त्या वाक्याला तुम्हीच जबाबदार. १९ मे १५३६ रोजी ॲन बोलिनचा शिरच्छेद झाला. त्याच महिन्यात वायटही टॉवरमध्ये कैदेत होता, तो सुटला. आणि दोन महिन्यांच्या आत आपल्या वहीतली मार्गारेट पकडली गेली.

तिचा गुन्हा असा. त्या वर्षी ईस्टरच्या सुमारास तिनं आणि लॉर्ड थॉमस हॉवर्ड यानं, नॉरफोकच्या ड्यूकच्या धाकट्या सावत्र भावानं, गुपचूप एकमेकांना वचन दिलं. त्या वेळच्या धर्मकायद्यात लग्नाला भटजी लागत नसे, पाहुणे लागत नसत. दोघांनी वर्तमानकाळात, मी तुला स्वीकारतो, मी तुला स्वीकारते, एवढं म्हटलं की लग्न लागलं. भविष्यकाळात म्हटलं तर फक्त वाङ्निश्चय. एका क्रियापदाच्या काळावर माणसाचं आयुष्य फिरायचं! आमच्यासारख्याला यात साहजिकच ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिनची आठवण येते, त्यावर येतोच. भेटवस्तूंची नोंद चौकशीच्या कागदांत आहे : त्यानं तिला एक अंगठी दिली, राजानं मंत्रवून दिलेल्या अशा अंगठ्यांनी पेटके थांबतात असा समज होता, तिनं त्याला आपलं चित्र आणि एक हिरा दिला.

एरवी हे दरबारी प्रेमप्रकरण म्हणून मिटलंही असतं. पण ॲनच्या पतनानंतर राजाच्या दोन्ही मुली, मेरी आणि एलिझाबेथ, अनौरस ठरल्या होत्या. म्हणजे भाची मार्गारेट एकाएकी गादीच्या अगदी जवळ आली. तिच्याशी गुपचूप लग्न करणारा माणूस गादीवर डोळा ठेवून आहे असं ठरलं. थॉमसवर खटला नाही चालवला. जुलैमध्ये पार्लमेंटनं कायदाच करून त्याला दोषी ठरवलं, आणि त्याच कायद्यात, यापुढे राजाच्या परवानगीवाचून त्याच्या मुलीशी, बहिणीशी, भाचीशी लग्न करणं म्हणजे राजद्रोह, असं घातलं. आधी शिक्षा आणि मग गुन्ह्याची व्याख्या, असा क्रम. दोघं टॉवरमध्ये गेले. मार्गारेट आजारी पडली तेव्हा तिला टेम्सकाठच्या सायन मठात हलवलं (आपलं शीव नव्हे बरं का). थॉमस सुटला नाही. ३१ ऑक्टोबर १५३७ रोजी तो टॉवरमध्येच वारला.

आता वही उघडा. तिच्यात एक सलग गट आहे. दोन ताटातूट झालेले प्रेमिक आळीपाळीनं बोलताहेत, कधी तो, कधी ती. तुरुंग, शत्रू, निष्ठा हे विषय. या कविता थॉमसच्या हातच्या असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. आणि त्यांना लागूनच चॉसरच्या ‘ट्रॉइलस अँड क्रिसेड’मधली काही कडवी उतरवलेली आहेत, चौथ्या भागातली. प्रसंग आठवतो का? ट्रॉय नगरीच्या सभेनं ठरवलंय की कैद्यांच्या अदलाबदलीत क्रिसेडला शत्रूच्या हवाली करायचं. ट्रॉइलस काही बोलू शकत नाही, बोलला तर त्यांचं प्रेम उघडं पडेल. घरी येऊन तो एकटा विलाप करतो. सभेच्या ठरावानं तोडलेली जोडी, अन् ती कविता उतरवून घेणाराही पार्लमेंटच्या ठरावानं तोडलेला. नावं घालायची गरजच नव्हती. चौकशी झालीच असती तर उत्तर तयार होतं : साहेब, हे तर चॉसरचं आहे.

ऑस्टिननं १९५५ साली हार्वर्डला जी व्याख्यानं दिली, पुढे १९६२ मध्ये पुस्तकरूपानं आली, त्यांत त्यानं दाखवलं की काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, जगात काहीतरी करतात. त्याचं एक ठळक उदाहरण लग्नाचंच आहे. पण तो लगेच एक कुंपणही घालतो : नटानं रंगमंचावर म्हटलेलं, किंवा कवितेत आलेलं वाक्य या अर्थानं पोकळ असतं, ते आपल्या विचारातून वगळू. तर्कशास्त्रातही आम्ही पोरांना हेच शिकवायचो, शब्द वापरणं वेगळं आणि शब्दाचा नुसता उल्लेख करणं वेगळं. बरीच वर्षं शिकवलं. मार्गारेट आणि थॉमसच्या वहीपुढे मात्र ही भिंत टिकत नाही. चॉसरच्या ओळी उतरवणं हा उल्लेख की वापर? दिसायला उल्लेख, प्रत्यक्षात वापर. आणि तो उल्लेखासारखा दिसतो म्हणूनच वापरता येतो. ज्या राज्यात स्वतःचं वाक्य जीव घेऊ शकतं तिथे उसनं वाक्य ही फार मोठी सोय आहे.

मार्गारेटनं स्वतःच्या नावानं काय लिहिलं तेही आपल्याकडे आहे. कैदेच्या काळातलं तिचं टॉमस क्रॉमवेलला पाठवलेलं पत्र. त्यात ती थॉमसच्या नोकरांना दूर करत असल्याचं सांगते आणि विनवते की त्याच्याबद्दल आपल्या मनात काही ओढ उरली आहे असं कृपा करून समजू नका. आणि वहीच्या शेवटाकडे, तिच्याच अक्षरात, एक कविता आहे, ती तिचीच रचना असावी असं मानतात. त्यातली बाई मित्रांना जमवून निरोप घेते आणि वडिलांना म्हणते की माझं मरण धीरानं सोसा, मला क्षमा करा, आणि ज्याच्या मृत्यूला मी कारण झाले त्याच्यापासून मला दूर ठेवू नका. पत्र आणि कविता, एकच हात. खरं कोणतं, हे विचारायचा मोह होतो. आम्हाला वाटतं दोन्हींचा वाचक वेगळा आहे हे आधी पाहावं. पत्र क्रॉमवेलसाठी होतं. वही मैत्रिणींसाठी. मार्गारेट त्यानंतर चाळीस वर्षं जगली.

आता या वहीतला आमचा सगळ्यात आवडता भाग. १५३२ मध्ये विल्यम थिन यानं चॉसरच्या समग्र रचना छापल्या, आणि त्यात चॉसरच्या नसलेल्याही पुष्कळ घुसवल्या. त्यांपैकी ‘रेमेडी ऑफ लव्ह’ नावाच्या कवितेत बायकांची निंदा आहे. एका कडव्यात जुनीच अतिशयोक्ती : अवघी पृथ्वी लिहिण्याचं चर्मपत्र झाली आणि प्रत्येक पुरुष लेखनिक झाला तरी बायकांचा दुष्टपणा आणि कपट लिहून संपणार नाही. आपल्या वहीत हे कडवं आहे. मात्र दुष्टपणा आणि कपट या जागी दुसरे दोन शब्द आलेत : निष्ठा आणि कीर्ती. बाकी कडवं जसंच्या तसं. दोन शब्दांत सगळी शिवी स्तुती झाली. लेखनिकाची चूक म्हणून हे खपायचं नाही. पेन चुकून असं वळत नाही.

शेजारी ‘लेटर ऑफ क्युपिड’मधली कडवी आहेत, पुरुष बायकांना फसवतात आणि वर त्यांनाच नावं ठेवतात अशी तक्रार करणारी. तिची वंशावळ मजेची आहे. मुळात १३९९ साली पॅरिसमध्ये क्रिस्तीन द पिझान या बाईनं फ्रेंचमध्ये बायकांच्या बाजूनं ते काव्य लिहिलं. १४०२ मध्ये हॉक्लीव्हनं ते आपल्या पद्धतीनं इंग्रजीत आणलं. थिननं ते चॉसरच्या पुस्तकात बसवलं. आणि तिथून ते या वहीत उतरलं. एका बाईचे शब्द दोन-तीन पुरुषांच्या घरी मुक्काम करून पुन्हा बायकांच्या वहीत आले, आणि उतरवणाऱ्याला बहुधा पत्ताही नसेल की आपण कुणाचं लिहितोय.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर प्रश्नोत्तरांत कोणीतरी धरेलच. हे बदललेलं कडवं कुणाच्या हातचं, यावर वाद आहे. १९९४ साली पॉल रेमली यांनी ते मेरी शेल्टनचं मानलं आणि तिचा शांत निषेध म्हणून वाचलं. हस्ताक्षरांची बारकाईनं छाननी करणाऱ्या हेलन बॅरन यांचा लेखही त्याच वर्षीचा. त्यांच्या मते हा हात थॉमस हॉवर्डचा. आम्हाला रेमलींचं मत आवडतं, पण आवडतं म्हणून खरं धरता येत नाही, आणि अक्षराच्या बाबतीत बॅरन यांचा शब्द जड वाटतो. मग आपला मुद्दा कोसळतो का? आमच्या मते नाही. थॉमसनं लिहिलं असेल तर त्यानं ते बायकांच्या वहीत लिहिलं. मूळ कडवं तिथे तसंच चालणार नाही हे त्याला कळलं होतं. ही वही कोणासमोर उघडली जाणार आहे ते शब्द बदलणाऱ्याला माहीत होतं, एवढं नक्की.

आमच्या आईची एक वही होती. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांपासून उलटी सुरू केलेली. पाळणे, मंगळागौरीची गाणी, कुठून कुठून ऐकलेली. एका पाळण्यात मूळ गाण्यातल्या मुलग्याच्या जागी आमच्या धाकट्या बहिणीचं नाव घातलेलं होतं. मात्रा बसत नव्हती. आईनं ती बसवायचा प्रयत्नही केला नव्हता.

मेरी फिट्झरॉयबद्दल थोडं. चौदाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी विधवा. नवरा १५३६ च्याच जुलैत गेला. नवरा-बायको एकत्र राहिलेच नव्हते, या सबबीवर राजानं तिचा विधवेचा हक्काचा वाटा अडवून ठेवला आणि त्यासाठी तिला अनेक वर्षं झगडावं लागलं. वहीत तिचं म्हणून जे अक्षर बॅरन यांनी ओळखलं, त्यात तिच्या भावाची, म्हणजे सरेच्या अर्लची एक कविता आहे. दर्यापार गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईच्या तोंडी ती घातलेली आहे. पुरुषानं लिहिलेला बाईचा आवाज, आणि तो उतरवतेय एक बाई, जिला वाट पाहायला नवराच उरला नाही. पुढे १५४६ च्या डिसेंबरात भावाला अटक झाली. मेरीची जबानी घेतली गेली आणि ती त्याच्याविरुद्ध वापरली गेली. १९ जानेवारी १५४७ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याची मुलं नंतर मेरीनंच सांभाळली, त्यांना शिकवायला जॉन फॉक्ससारखा माणूस ठेवला. तिनं स्वतःच्या शब्दांत दिलेलं जे काही सरकारदप्तरी टिकलं त्यात ही जबानी आहे. भावाबद्दल तिला आणखी काय वाटत होतं ते शोधायला आम्ही तरी त्या उतरवलेल्या कवितेकडेच जाऊ.

१५५७ मध्ये रिचर्ड टॉटेल या छापखानेवाल्यानं वायट, सरे आणि इतरांच्या कविता एकत्र छापल्या. मुखपृष्ठावर सरेचं नाव. वायटच्या ओबडधोबड ओळी छंदात गुळगुळीत करून घेतल्या. म्हणजे बदल करायला टॉटेलचीही ना नव्हती, पण त्याला संपादन म्हणतात! आणि प्रस्तावनेत त्यानं, असा ठेवा आजवर दाबून बसलेल्यांना टोमणा मारला. त्या दाबून बसणाऱ्यांत आपल्या तिघी आल्याच. छापील पुस्तकाला कडेचे शेरे नसतात, मधेच बदललेलं अक्षर नसतं, आणि उत्तराला उत्तर नसतं.

वही तेव्हा कुठे होती? बहुधा मार्गारेटकडे. तिनं १५४४ मध्ये लेनॉक्सच्या अर्लशी लग्न केलं होतं, या खेपेला राजाच्या संमतीनं. त्यांचा मुलगा हेन्री, लॉर्ड डार्नली. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा नवरा, १५६७ मध्ये ज्याचा खून झाला तो. वहीत त्याच्या नावची एक कविता आहे. आईच्या वहीत मुलानंही लिहिलं असावं. त्याचा मुलगा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचा राजा झाला.

ज्यांना मूळ पाहायचं आहे त्यांच्यासाठी : एलिझाबेथ हील यांनी संपादित केलेली छापील आवृत्ती २०१२ ची आहे, आणि रेमंड सीमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली आवृत्ती विकिबुक्सवर कोणालाही मोफत वाचता येते. सहाव्या पानाची मागची बाजू आणि सातवं पान काढा. शेरे छोटे आहेत, स्पेलिंग त्या काळचं आणि लहरी आहे, पहिल्यांदा डोळ्यांना लागणार नाहीत. आता प्रश्न घेऊ.